हिरवी पाहुणी

२ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. आधी पत्र वाच, मग बाटलीचं बूच काढ. तू नेमकं उलटं करशील, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

फोन केला असता, पण तुझ्या पंपाच्या खोलीत माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतोस. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. बाटलीत जे हिरवं पाणी आहे ते शेवाळ आहे. हो, शेवाळ. खुर्चीवर बस. ज्या शेवाळाशी तू पोहण्याच्या तलावाच्या काठावर आयुष्यभर झुंजलास आणि ज्याच्यावरून घसरून लहानपणी माझा पुढचा दात पडला, त्याच जातीचं, पण हे जरा वेगळं आहे. टायरच्या दुकानामागच्या डबक्यात मला सापडलं. याच्या अंगात इतकं तेल साठतं की आमच्या प्रयोगशाळेतले मोठे साहेबसुद्धा चष्मा काढून बघायला लागले. त्या तेलापासून इंजिनात घालायचं इंधन होतं. मागच्या अंगणात त्याचं मोठं तळंही केलं आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला तज्ज्ञांची समिती ते बघायला येणार आहे. त्यांना पटलं तर माझं काम पुढे चालेल, नाहीतर मला भिंतीचे रंग तपासायच्या विभागात पाठवणार आहेत. तिथे दिवसभर रंग वाळायची वाट बघत बसतात.

आमच्याकडे नियम आहे की असं शेवाळ एकाच जागी ठेवायचं नाही. एक बाटली दूर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची. मला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. उजेडात ठेव आणि दर रविवारी अर्धं पाणी ओतून नवं भर. सोबतच्या डब्यातला खाऊ चिमूटभर घाल. चिमूटभरच.

तुझी,
खारूताई


१० फेब्रुवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात राखून.

पोरी, मांजराला दुधाची राखण करायला सांगतात असं ऐकलं होतं. तू उंदीरच मांजराकडे सांभाळायला पाठवलास. माझ्या तलावाच्या तळाशी पडलेलं नाणं छापा आहे की काटा, हे काठावर उभं राहून सांगता येतं. गावोगावचे तलाव दर उन्हाळ्यात हिरवे होतात, माझा कधी झाला नाही. तुझा दात पडला त्या दिवशी मी त्या पायरीवर बसून ठरवलं होतं की इथे पुन्हा हिरवा ठिपका दिसायचा नाही. आणि आता तू, जिचा दात गेला तीच, त्यांच्या बाजूला जाऊन बसलीस. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

शेवाळावर गाडी चालते म्हणतेस. शेवाळावरून गाडी घसरते एवढं मला माहीत आहे.

बाटली ठेवून घेतली आहे, कारण पाठवणारी तू आहेस. स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मी तिच्याकडे बघत नाही. तुझी मामी बघते आणि तिला 'पाहुणी' म्हणते. रविवारी ओतायचं ते अर्धं पाणी मी मोरीत टाकणार नाही, मोरी हिरवी होईल. डब्यात भरून तलावावर नेतो आणि तलावात ओततो. त्या पाण्यात माझं क्लोरीन आहे. तिथे गेलेलं शेवाळ परत येत नाही. दर रविवारी तुझ्या लाडक्या जातीला मी स्वतःच्या हातानं फाशी देणार आहे, तेवढंच मला समाधान.

तुझा मामा

ता.क. हे वाढतं ते कशावर? शत्रूची माहिती असावी म्हणून विचारतोय.


२१ फेब्रुवारी

ती. मामा,

शत्रूची माहिती घे. तो ऊन, पाणी, थोडा खाऊ आणि आपण सोडलेली हवा, एवढ्यावर जगतो. कारखान्याच्या धुराड्यातला धूर पाण्यात सोडला तर तोही पितो. शेतजमीन मागत नाही, गोडं पाणीच हवं असा हट्ट नाही, गटाराच्या पाण्यातही मजेत राहतो. तू आता जो श्वास घेतलास, त्यातला जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातल्या याच्या भाऊबंदांनी केलेला असतो. आणि तुझ्या पंपात घालतोस ते डिझेलही फार पूर्वी समुद्रात गाडल्या गेलेल्या असल्याच जिवांचं. म्हणजे शेवाळावर गाडी आजही चालतेच आहे. फक्त आपण मुरलेलं वापरतो, मी ताजं वापरायचं म्हणते आहे.

एक गंमत सांगते, मामीला वाचून दाखव. आधी भरपूर खाऊ घालून याला वाढवायचं आणि मग खाऊ एकदम बंद करायचा. उपाशी राहिलं की हे घाबरतं आणि अंगात तेल साठवायला लागतं. आमच्याकडे लठ्ठ व्हायचं असेल तर उपास करतात.

अडचण एवढीच की आज तेल काढायला आणि वाळवायला जेवढी ताकद खर्च होते, तेवढी त्या तेलातून परत मिळत नाही. ते जमवणं हेच माझं काम. म्हणून तर वेळ हवा आहे.

फाशीबद्दल माझी हरकत नाही. अर्धी बाटली जिवंत ठेव म्हणजे झालं.

तुझी,
खारूताई


१४ मार्च

चि. खारूताई,

मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उपाशी राहून लठ्ठ होतं? मग मी संध्याकाळचं जेवण सोडलं ते चुकलंच." आणि त्या संध्याकाळपासून ती नीट जेवते आहे. पाहुणीला उपाशी ठेवायचं काही तिला पटलेलं नाही. घरात आलेल्याचं पोट भरलं पाहिजे असं तिचं म्हणणं. चिमूट म्हणजे किती यावर आमचं भांडण झालं. तिची चिमूट बघितलीस तर तू तिला मूठ म्हणशील.

पाहुणी चांगली गडद झाली आहे. मी बघत नाही, पण खिडकीतून उजेड बघताना नजर जाते. दुपारी ऊन आलं की बाटलीच्या आतल्या अंगाला बारीक बुडबुडे धरतात आणि एकेक करून वर जातात. ते बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. मी बसत नाही. मामी बसते.

रविवारचा कार्यक्रम चालू आहे. ओततो, पाण्यात हिरवा ढग होतो, पसरतो आणि थोड्या वेळानं काही राहत नाही. पूर्वी छान वाटायचं. गेल्या रविवारी मी ओतून लगेच पाठ फिरवली. वय झालं, उन्हाचा त्रास होतो.

तुझा मामा


११ एप्रिल

चि. खारूताई,

एक आनंदाची बातमी आहे. तीस एप्रिलला मी निवृत्त होतोय. तलावाचे अध्यक्ष काठावरच समारंभ करणार आहेत. तलाव रिकामा करून सगळ्या लाद्या नव्या बसवल्या. त्याचंही उद्घाटन त्याच दिवशी. मी अध्यक्षांना म्हटलं, मला घड्याळ नको, शाल नको. सगळं गाव काठावर उभं असावं आणि पाणी निळं असावं. नव्या माणसाच्या हातात मला निळा तलाव द्यायचा आहे.

काल पाणी भरलं. गवंडी म्हणाला, लाद्यांच्या फटीतलं सिमेंट ओलं आहे, थोडे दिवस नुसतं पाणी राहू द्या, क्लोरीन नको. बरं म्हटलं. समारंभाच्या आधी टाकीन.

तुला यायचंच आहे.

तुझा मामा


२२ एप्रिल

ती. मामा,

वाईट बातमी. तळं गेलं.

सोमवारी हिरवंगार होतं, आज तपकिरी पाणी झालं आहे. डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक किडे पाण्यात शिरले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर तोंडाशी चाक फिरल्यासारखं फिरत होतं आणि माझं शेवाळ आत ओढलं जात होतं. सगळं चरून टाकलं. घाबरून आतल्या काचेच्या भांड्यांमध्ये बघितलं तर तिथेही तेच. कुणीतरी तळ्यातली नळी तशीच भांड्यात घातली होती. कुणीतरी म्हणजे मीच, घाईत.

एक तारखेला समिती येते आहे. मोठे साहेब म्हणाले, रंग विभागातली खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी ठेवायला सांगतो. ते सहानुभूतीनं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. स्वच्छतागृहात जाऊन रडून आले.

आता जगात माझं शेवाळ फक्त तुझ्या खिडकीत आहे. एका बाटलीतून तळं भरायला आठ दिवस पुरणार नाहीत, पण जात तरी वाचेल. मी रविवारी येऊन घेऊन जाईन. तोवर डोळ्यांत तेल घालून जप.

तुझी,
खारूताई


२२ एप्रिल

चि. खारूताई,

आशीर्वाद नाहीत. तलाव हिरवा झाला.

कसा झाला ते ऐक. मागच्या रविवारी मी नेहमीसारखा पाहुणीचं अर्धं पाणी घेऊन गेलो आणि ओतलं. हाताला सवय. ओतल्यावर पाठ फिरवली, हीसुद्धा सवय. पाण्यात क्लोरीन नाही हे नंतर जेवायला बसल्यावर आठवलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या तलावात डबाभर पाण्यानं काय होतंय. तिसऱ्या दिवशी पाणी फिकट दिसलं, मी डोळे पुसले. चौथ्या दिवशी डोळे पुसून उपयोग नव्हता. आज तळ दिसत नाही. तळ सोड, दुसरी पायरी दिसत नाही. माझे डोळे पांढरे झाले, पाणी मात्र हिरवं.

इतकी वर्षं जे कुणाला जमलं नाही ते मी माझ्याच हातानं, माझ्याच डब्यानं केलं. निवृत्तीला आठ दिवस राहिले असताना.

घरी आलो आणि पहिली खिडकी गाठली. बाटलीत दोन चमचे क्लोरीनची पावडर टाकली. मामी मध्ये आली, ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत पाणी पांढरं झालं. तेव्हापासून मामी माझ्याशी बोलत नाही, आणि मलाही जेवण गेलं नाही. रागामुळे.

क्लोरीनची पोती सांगितली आहेत, शुक्रवारी येतील. शनिवारी सगळ्या तलावाला तोच न्याय. तू समारंभाला ये. पाणी निळं असेल.

तुझा मामा


२४ एप्रिल

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं आज मिळालं. हे बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे, तो थेट तलावावर आणून देईल. पंपाच्या खोलीतला तुझा फोन सकाळपासून कुणी उचलत नाही.

पावडर टाकू नकोस.

तळं गेलं, भांडी गेली, बाटली तू मारलीस. जे काही उरलं आहे ते तुझ्या तलावात आहे. आणि नुसतं उरलेलं नाही, वाढलेलं आहे. समितीला हिरवं पाणी दाखवायचं तर आता एवढ्या वेळात दुसरीकडे कुठे वाढणार नाही. मी साहेबांना सांगितलं की तळ्याची जागा बदलली आहे, समितीला एक तारखेला तिकडेच नेऊ. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग गाडी सांगितली.

समिती येते ती तुझ्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तीस तारखेला सगळं गाव काठावर असेल आणि पाणी हिरवं असेल. तुझ्याकडे मी काय मागते आहे ते मला कळतं. तू नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. खरं तर रागावेन, पण नंतर येईन भेटायला.

तुझी,
खारूताई


२६ एप्रिल

चि. खारूताई,

हे पत्र मामी लिहिते आहे. मामाला माहीत नाही, आणि तूही सांगू नकोस.

तुझी चिठ्ठी घेऊन तो घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून नुसता बसला. माझा अबोला चालू आहे, तरी तेवढंच विचारलं, काय ठरवलं? म्हणाला, "ठरवायचं काय त्यात, तलाव माझा आहे." मग तलावावर गेला. पोती आली आहेत. त्यातलं एक फोडून ठेवलंय आणि त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलाय. काल दिवसभर बसला, आज पण बसलाय. मी डबा पोचवून आले. पाण्याकडे बघत होता. मला म्हणाला, "दुपारी सगळ्या तलावाला बुडबुडे येतात."

आता दुसरी गोष्ट. डबाभर पाण्यानं एवढा तलाव आठवड्यात हिरवा कसा झाला, हे कोडं त्याला सुटत नाही. मला सुटतं. त्या रविवारी त्याचा जेवणाचा डबा घेऊन मी मागून गेले होते. तो पाणी ओतून पाठ फिरवून उभा होता. मला वाटलं, पाहुणी बिचारी मरायला चालली, उपाशीपोटी कशाला पाठवा? तिच्या खाऊचा डबाही मी पिशवीत टाकला होता. सगळा ओतला.

तुझी,
मामी


३ मे

चि. खारूताई,

समितीला घेऊन आलीस तेव्हा गर्दीत बोलणं झालं नाही, आणि समारंभाचं तू विचारलंस तर मी "झाला" म्हणालो. आता नीट सांगतो.

सगळं गाव आलं होतं. खुर्च्या काठावर मांडल्या होत्या. लोक येत होते, पाण्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघत होते, आणि मग एकदम दुसऱ्याच विषयावर बोलत होते. अध्यक्षांचं भाषण आधीच छापून आलेलं होतं. त्यांनी कागदातून डोकं वर न काढता सगळं वाचलं. "समोरचं हे निळंशार पाणी पाहा," असं म्हणाले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मागून कुणीतरी खोकलं. "यांच्या कारकिर्दीत या तलावात हिरवा ठिपका कुणी पाहिला नाही," असंही म्हणाले. ते मात्र खरं होतं, ठिपका कुठेच नव्हता.

मग मला उभं केलं. गवंड्यावर ढकलता आलं असतं. क्लोरीन टाकू नका असं तोच म्हणाला होता, आणि तो पहिल्याच रांगेत बसून घाबरला होता. मी पाठ केलेलं भाषण विसरलो. म्हटलं, हे पाणी मी हिरवं केलंय आणि मीच हिरवं ठेवलंय. पोती पंपाच्या खोलीत आहेत, हवी तर मोजून या. माझ्या भाचीचं त्यात काम आहे. माझ्या तलावावर तिचा एक दात गेलाय, आता तिची नोकरी जाऊ देणार नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, खोटं कशाला सांगू. मामीनं वाजवल्या. मग गवंड्यानं. अध्यक्षांनी घड्याळ दिलं, मी नको म्हटलेलं.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. घरी आल्यावर मामीच्या हे लक्षात आलं आणि ती पुन्हा बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशीचं तू पाहिलंसच. तुमच्या समितीतल्या त्या उंच गृहस्थांनी विचारलं, "याची देखभाल कोण करतं?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मी म्हटलं, "साहेब, माझी नेमणूक याला मारायची होती." ते लिहून घेत होते, ते थांबले. तुझी नोकरी मी त्याच वेळी घालवली असं मामीचं म्हणणं आहे. काय झालं ते कळव. पाणी उपसून तुम्ही टँकर भरून नेलेत, त्यानंतर तळाशी जे उरलं ते तसंच ठेवलं आहे. नवा माणूस रोज विचारतो, केव्हा धुवायचं?

तुझा मामा


२५ मे

ती. मामा,

काम पुढे चालू! एक वर्ष मिळालं.

त्या उंच गृहस्थांनीच ओढून नेलं. अहवालात त्यांनी लिहिलं की ज्या शेवाळाला प्रयोगशाळेत इतक्या काळजीनं वाढवूनही किड्यांनी खाल्लं, ते साध्या तलावात, कुठलीही देखभाल नसताना, किंबहुना देखभाल करणाऱ्याचा विरोध असताना वाढलं, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 'देखभाल करणाऱ्याचा विरोध' हे शब्द अहवालात छापले आहेत. प्रत पाठवते, भिंतीवर लाव.

आणखी एक. तलावातल्या शेवाळात आमच्या तळ्यातल्यापेक्षा जास्त तेल निघालं. सुरुवातीला पोट भरून जेवलं आणि मग खाऊ संपून उपाशी राहिलं, अगदी पाहिजे तसं. साहेब विचारतात की पहिल्या दिवसाचं जेवण कुणी मोजून घातलं? मी म्हटलं, आमच्या घरी त्याचं माप ठरलेलं आहे.

अख्ख्या टँकरमधून पेलाभर इंधन झालं. हसू नकोस, मला खूप वाटतं. अर्धा पेला कपाटात ठेवला, अर्धा या बाटलीत पाठवते आहे. या वेळी बूच आधी उघडलंस तरी चालेल. हे मेलेलं आहे.

तुझी,
खारूताई


४ जून

चि. खारूताई,

आशीर्वाद, आणि या वेळी हात न राखता.

निवृत्त माणसाला तलावावर काम नसतं, तरी काल गेलो. तळाचं हिरवं पाणी अजून तसंच होतं. नव्या माणसाला म्हटलं, आज धुऊन टाकू. जुना डिझेलचा पंप बाहेर काढला, त्याची टाकी पुसून कोरडी केली आणि तुझी बाटली ओतली. नवा माणूस म्हणाला, "एवढ्याशानं काय होणार?" मी म्हटलं, "डबाभर पाण्यानं काय झालं ते पाहिलंस ना?"

दोरी ओढली. पंप खोकला, धुरकटला आणि चालू झाला. तळणीसारखा वास आला. पाईपच्या तोंडातून हिरवं पाणी धबाधबा बाहेर पडायला लागलं. शेवाळाच्या जोरावर शेवाळ उपसत होतो. ज्याला आयुष्यभर मारलं त्याच्याच ताकदीवर ते तलावाबाहेर चाललं होतं, आणि मी तिथे उभा राहून नुसता ऐकत होतो. खोटं सांगत नाही, डोळे पुसावे लागले. नव्या माणसाला वाटलं धूर गेला.

फार वेळ चाललं नाही. मामीला बोलावून आणेपर्यंत बंद पडलं. उरलेलं पाणी डिझेल घालून उपसलं, लाद्या घासल्या, नवं पाणी भरलं, क्लोरीन टाकलं. आज सकाळी पाणी निळं आहे. काठावरून नाणं टाकून बघितलं, छापा होता.

घरी खिडकी मोकळीच आहे. अहवाल भिंतीवर लावला, घड्याळ त्याच्या खाली. दुपारी ऊन येतं, पण बघायला काही नसतं. तुझ्याकडे त्या जातीतलं थोडं उरलं असेल तर एखादी बाटली पाठवून दे. मामीला करमत नाही.

तुझा मामा

ता.क. मामी लिहिते आहे. मला अगदी छान करमतं. करमत नाही ते त्याला. बाटली लवकर पाठव, आणि खाऊचा डबा या वेळी जरा मोठा पाठव.